मापांची वही

आईच्या शिलाई मशीनच्या खणात एक लांबट वही असते, आडवी उघडणारी, दुकानातल्या उधारीच्या वहीसारखी. गोव्यातल्या माशेलच्या आसपासच्या तीन-चार वाड्यांवरच्या बायकांची, मुलींची, शाळेच्या गणवेशांची मापं तिच्यात आहेत. छाती, खांदा, बाही, कंबर, उंची. कोण कधी बाळंत झाली, कोण आजारपणानंतर वाळली, कुणाच्या मुलाने एका वर्षात तीन इंच उंची काढली, हे त्या वहीवरून सांगता येतं. शेवटची पानं मात्र घरची. चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, आम्हा सगळ्यांना आईच्या हातचे कपडे, आणि त्यासाठी दरवर्षी नवी मापं. जुन्या मापावर कधी शिवू नये, वर्षभरात माणूस बदलतो, असं ती म्हणते.

त्या पानांवर माझ्या दादाच्या कमरेचे आकडे एकाखाली एक आहेत. २००५ साली २९. २००६ साली ३१. २००७ साली ३४. २००८ साली ३६. २०१२ साली ३९.

हे आकडे आमच्या डोळ्यांसमोर होते. आई तर ते स्वतःच्या हाताने लिहीत होती. त्यांचा अर्थ घरात कुणालाच लागला नाही, आणि ज्यांना लागला असता त्यांच्यासमोर ती वही कधी गेली नाही.

दादा आजारी पडला २००६च्या शिमग्याच्या सुमारास. बावीस वर्षांचा होता, बी.कॉम. होऊन एका शोरूममध्ये हिशेबाला लागला होता. गळा चांगला होता त्याला. देवळातल्या सप्ताहात रात्रीच्या पाराला लोक त्याची वाट बघायचे. त्याच भजनात एकदा तो मध्येच थांबला. टाळ त्याच्याविषयी काहीतरी बोलताहेत, असं त्याला वाटलं. मग शेजारच्या घरातला रेडिओ बोलू लागला, मग झोप गेली, मग जेवण गेलं. आधी देवाला कौल लावला, त्यात दीड महिना गेला. शेवटी पणजीला डॉक्टरांकडे नेलं. स्किझोफ्रेनिया हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा शुद्ध लिहायला शिकले.

गोळ्यांनी गुण आला, हे मी आधीच सांगून टाकते, कारण पुढचं वाचून कुणाला वेगळं वाटू नये. ओलान्झापिन सुरू झाल्यावर दोन महिन्यांत रेडिओ गप्प झाला. एका सकाळी तो चुलीपाशी येऊन बसला आणि म्हणाला, "आई, पेज आहे?" उकड्या तांदळाची पेज, वर तोराचं लोणचं, बाजूला किसमूर. तीन वाट्या प्यायला. आई पदराने डोळे पुसत वाढत होती. "जेव रे पुता," एवढंच म्हणत होती. आमच्याकडे माणूस बरा झाला हे ओळखायची एकच खूण आहे: तो जेवायला लागला.

त्याची भूक मात्र मग थांबेचना. जेवून उठल्यावर अर्ध्या तासात तो पुन्हा स्वयंपाकघरात यायचा. पोदेराने, म्हणजे पाववाल्याने, संध्याकाळी दिलेल्या पोया (गोल पाव) रात्रीत संपायच्या, कोरड्या, चहाशिवाय. मी मध्यरात्री पाणी प्यायला उठले तर हा अंधारात डबे उघडत असायचा. चवथीच्या नेवऱ्या, म्हणजे करंज्या, आईने माळ्यावर लपवल्या. आणि एका रात्री मी दिवा लावून त्याला म्हटलं, "दादा, थोडी तरी लाज?" तो काही बोलला नाही. हातातली पोई त्याने परत टोपलीत ठेवली, नीट फडक्याने झाकली आणि झोपायला गेला. ते वाक्य बोलून आता सतरा-अठरा वर्षं झाली. मला ते परत घेता येत नाही, म्हणून निदान इथे लिहून ठेवते आहे.

कारण त्या भुकेत त्याचा काही दोष नव्हता. डोपामिन हे मेंदूतलं निरोप नेणारं रसायन, आणि तो निरोप पकडणाऱ्या पेशींवरच्या जागा म्हणजे ग्राही. ओलान्झापिन त्या ग्राहींवर काम करतं, त्यातून आवाज शमतात. पण तिथेच ते थांबत नाही. हिस्टामिन आणि सेरोटोनिन या अशाच दुसऱ्या रसायनांचे काही ग्राही तेच औषध बंद करतं, आणि पोट भरलं हे सांगायचं काम बऱ्याच अंशी त्याच वाटांनी होत असतं. त्या अडल्या की पोट भरलेलं असतं आणि मेंदूपर्यंत निरोप पोचत नाही. मला जेवल्यावर जे समाधान आपोआप मिळतं, ते त्याला मिळतच नव्हतं. तो अंधारात डबे उघडून तेच शोधत होता. ओलान्झापिन आणि क्लोझापिन या दोन औषधांत वजन वाढण्याचा हा धोका सगळ्यांत जास्त, हे तेव्हाही माहीत असलेलं होतं. आम्हाला माहीत नव्हतं.

शेजारी म्हणायचे, आता कुठे अंगाला लागलंय. आणि खरंच, पहिली दोन वर्षं तो लठ्ठ असा दिसायचाच नाही. हातपाय तसेच काटकुळे, फक्त पोट पुढे. वजनाच्या काट्यावर उभा केला तर आकडा ठीक. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी याच गोष्टीवर आयुष्य घालवलं आहे. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि जॉन युडकिन या त्यांच्या ब्रिटिश सहकाऱ्याचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो छापून आला. उंचीच्या मानाने दोघांचं वजन अगदी सारखं, दोघांचाही बॉडी मास इंडेक्स २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. आपण भारतीय लोक बारीक दिसून आतून स्थूल असू शकतो, ते त्या एका फोटोने जगाला दाखवलं. ती चरबी बरीचशी पोटाच्या पोकळीत यकृताभोवती साठते. तिथली चरबी इन्सुलिनला, म्हणजे रक्तातली साखर पेशींत पोचवणाऱ्या संप्रेरकाला, दाद देत नाही. म्हणून आपल्याकडे पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटरच्या आणि बायकांची ८० सेंटिमीटरच्या आत हवी, असं सांगतात. ९० सेंटिमीटर म्हणजे साडेपस्तीस इंच. आईच्या वहीत ही रेघ २००८ साली ओलांडली गेली. (शिंप्याची कंबर आणि डॉक्टरांची कंबर एक नव्हे, हे मला पुढे कळलं. आई पँट जिथे बसते तिथे टेप लावते. डॉक्टर शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध. दादाचा खरा आकडा वहीतल्यापेक्षा मोठाच असणार.)

जी गोष्ट मला अजून झोपू देत नाही ती ही. २००४ सालीच, म्हणजे दादा आजारी पडायच्या दोन वर्षं आधी, अमेरिकेतल्या मधुमेहतज्ज्ञांच्या आणि मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनांनी एकत्र येऊन एक साधं वेळापत्रक मांडलं होतं. अशी औषधं सुरू करण्याआधी रुग्णाचं वजन, कंबर, रक्तदाब, उपाशीपोटीची साखर आणि रक्तातली चरबी बघावी. वजन चौथ्या, आठव्या, बाराव्या आठवड्याला पुन्हा. साखर बाराव्या आठवड्याला पुन्हा. कंबर दरवर्षी. दरवर्षी कंबर! माझी आई, सातवी शिकलेली, चवथीच्या निमित्ताने हेच करत होती. दादाच्या केसपेपरवर मात्र सात वर्षांत एकदाही कंबर लिहिलेली नाही आणि साखर तपासलेली नाही. त्या डॉक्टरांना मी वाईट म्हणणार नाही. त्यांच्या दारात रोज पन्नास माणसं असायची, आणि त्यांनी माझा भाऊ मला परत दिला. पण त्यांनी दरवेळी एकच प्रश्न विचारला: आवाज येतात का? आम्हीही दरवेळी त्याचंच उत्तर देत राहिलो.

२०१३च्या उन्हाळ्यात दादा रात्री पुन्हा उठू लागला. पाच-सहा वेळा. पाणी प्यायचा, बाहेर जायचा, परत पाणी प्यायचा. विचारलं तर म्हणायचा, तहान लागते. आम्ही एकमेकांकडे बघायचो. आजार उलटला, असंच सगळ्यांच्या मनात. तेवढा एक धागा आमच्या हाती होता, त्यालाच आम्ही सगळं बांधायचो: तो गप्प बसला तरी आजार, हसला तरी आजार, तहानेला तरी आजार. गोळी वाढवून आणली. मग एके सकाळी नहाणी धुताना आईला मोरीच्या कडेला मुंग्यांची रांग दिसली. ती तशीच ओल्या हातांनी बाहेर आली आणि म्हणाली, "अगं, ही साखर आहे. आजेसासूबाईंच्या वेळी अशाच मुंग्या लागायच्या." आपल्या जुन्या वैद्यांनी या रोगाला मधुमेह हे नाव दिलं ते लघवीच्या गोडीवरून, मुंग्या लागतात, हे त्यांनीही पाहिलं होतं. उपाशीपोटीची साखर निघाली २३८. १२६च्या पुढे मधुमेह धरतात.

त्या दिवसापासून दादाच्या दोन फायली झाल्या. फोंड्याच्या डॉक्टरांची साखरेची फाईल फ्रिजवर, सगळ्यांना दिसेल अशी. पणजीची मनाची फाईल कपाटात, आईच्या साड्यांच्या खाली. साखरेचं कुणापाशीही बोलता येतं. गोव्यात तर ते हवापाण्याच्या गप्पांसारखं आहे, लग्नाच्या पंगतीत माणसं एकमेकांचे आकडे विचारतात. २०२३ साली भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष आले, त्यात मधुमेहाचं प्रमाण देशात सरासरी ११.४ टक्के आणि गोव्यात २६.४ टक्के निघालं, सगळ्या राज्यांत जास्त. प्रौढ माणसांत चौघांमागे एकाहून अधिक. एवढ्या गर्दीत लाज कसली वाटणार? आणि ती दुसरी फाईल मात्र पाहुणे येणार म्हटलं की आणखी एक साडी खाली जायची.

या दोन फायली एकमेकींशी बोलत नव्हत्या. फोंड्याच्या डॉक्टरांना ओलान्झापिनचं नाव आम्ही पहिलं वर्षभर सांगितलंच नाही, लाजेपोटी. पणजीच्या डॉक्टरांना साखर सांगितली तर ते म्हणाले, त्याच्या गोळ्या घ्या तिकडून. शरीराची आणि मनाची हद्द आमच्या घरात फ्रिज आणि कपाट यांच्यामधून गेली होती.

मी शाळेत विज्ञान शिकवते. मेंदूचं वजन शरीराच्या दोन टक्के आणि तो खातो मात्र शरीराच्या एकूण ऊर्जेतली वीस टक्के, हे वाक्य मी दरवर्षी फळ्यावर लिहिते. पण ते दादाला लावून बघायला मला सात वर्षं लागली. विचार, भीती, आठवण, आनंद, हे सगळं शेवटी जळण घेऊन चालतं. पेशींतल्या मायटोकॉन्ड्रिया ते जळण जाळून ऊर्जा काढतात, इन्सुलिन त्या जळणाची वाटणी बघतं. मेंदूतही इन्सुलिनचे ग्राही आहेत, स्मरणाच्या भागात तर भरपूर. मग साखरेचा कारभार बिघडला तर मनाने अलिप्त राहावं ही अपेक्षा कुठून आली? आपल्या भाषेला हे आधीच माहीत आहे. मन उदास झालं की अन्न गोड लागत नाही. वाईट बातमी आली की घास उतरत नाही. भीतीने पोटात गोळा येतो. या म्हणी आम्ही रोज बोलत होतो, आणि तरी दोन फायली ठेवत होतो.

डॉक्टरांनाही हे फार पूर्वी दिसलेलं होतं. सतराव्या शतकात थॉमस विलिस या इंग्रज वैद्याने मधुमेहाच्या मागे दीर्घ शोक असतो असं लिहिलं. १८७९ साली हेन्री मॉड्स्ली या मनोविकारतज्ज्ञाने लिहिलं की ज्या घराण्यांत वेड असतं त्यांत मधुमेह पुष्कळदा दिसतो. हे महत्त्वाचं आहे, कारण तेव्हा ओलान्झापिन नव्हतं. स्किझोफ्रेनियावरची पहिली आधुनिक गोळी, क्लोरप्रोमाझिन, आली १९५२ साली. अलीकडे एक गोळीही न घेतलेल्या, नुकत्याच आजारी पडलेल्या रुग्णांचं रक्त तपासलं तेव्हा त्यांच्यातही साखरेचा कारभार निरोगी माणसांपेक्षा बिघडलेला आढळला. म्हणजे औषध आगीत तेल ओततं हे खरं, पण ठिणगी कदाचित आधीपासून आत असते. हे वाचलं त्या दिवशी मला विचित्र हलकं वाटलं. तोवर मी मनातल्या मनात गोळीला शिव्या देत होते, आणि ती गोळी आणून देणारी मीच होते.

उदासीचं तर दुतर्फा आहे. मधुमेह असलेल्यांना नैराश्य जास्त येतं, आणि नैराश्य असलेल्यांना पुढे मधुमेह होण्याची शक्यता वाढते. ताण लांबला की कॉर्टिसोल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, चढं राहतं. ते यकृताला साखर सोडायला लावतं आणि चरबी पोटावर बसवतं. झोप मोडते, पाय घराबाहेर पडत नाहीत, खाण्याची वेळ राहत नाही, शरीरात बारीक दाह धुमसत राहतो. हे लिहिताना माझ्यासमोर दादा नाही, आई आहे. २०१५ साली तिलाही साखर निघाली. नऊ वर्षं तिने मुलाच्या उशाशी अर्धवट झोप काढली होती. विलिसचा दीर्घ शोक म्हणजे काय, ते मला ठाऊक आहे. तिच्या साखरेला तोच कारण झाला असं मी म्हणू शकत नाही. आमच्या घराण्यात साखर आहे, आणि चौघांमागे एकाचा हा गोवा आहे. पण तो काहीच नव्हता असंही मला कुणी सांगू नये.

२०१७ची आषाढी एकादशी. माशेलला देवकीकृष्णाच्या देवळात त्या दिवशी अखंड भजन असतं आणि दुसऱ्या दिवशी मैदानावर चिखलकालो, चिखलातला खेळ. आईचा कडक उपास. सकाळची साखरेची गोळी मात्र तिने नियमाने घेतली, ग्लिमेपिराइड, औषध चुकवू नये म्हणून. दुपारी चारच्या सुमारास देवळातून घरी आली आणि सोप्यावर बसल्या बसल्या थरथरायला लागली. घाम, छातीत धडधड, डोळ्यांत न मावणारी भीती. "माझं काहीतरी होतंय, मला सोडून जाऊ नका." काकी म्हणाली, टेन्शन आहे, मुलाचं टेन्शन कधी ना कधी बाहेर पडणारच. मावशी पाठीवरून हात फिरवत होती, रामरक्षा म्हण म्हणत होती. मीसुद्धा, विज्ञान शिकवणारी, तिला दीर्घ श्वास घ्यायला सांगत होते.

दादा आतून ग्लुकोमीटर घेऊन आला. कुणाशी न बोलता त्याने आईचं बोट पुसलं, टोचलं, पट्टी लावली. ५२. तो आत गेला, पेलाभर पाण्यात चार चमचे साखर ढवळून आणली आणि स्वतःच्या हाताने तिला पाजली. पंधरा मिनिटांनी पुन्हा टोचलं: ८१. आईचे हात थांबले. भीती जशी आली तशी गेली.

साखर खाली घसरली की शरीर ॲड्रेनलिन सोडतं, आणि ॲड्रेनलिनला बाहेरचं संकट आणि आतली उपासमार यांत फरक कळत नाही. छाती तशीच धडधडते, हात तसेच कापतात, मन त्या धडधडीला साजेसं कारण शोधू लागतं. तशीच गोष्ट थायरॉइडची. १९४९ साली रिचर्ड ॲशर या ब्रिटिश डॉक्टरने असे रुग्ण नोंदवले की ज्यांना वेडे ठरवलं गेलं होतं आणि ज्यांची थायरॉइड ग्रंथी सुस्तावलेली होती. ग्रंथीचा अर्क दिल्यावर त्यांतले बहुतेक सावरले. ब-१२ जीवनसत्त्व कमी पडलं तरी उदासी, विसराळूपणा, क्वचित भ्रमही होतात, आणि मधुमेहाचं सगळ्यांत साधं औषध मेटफॉर्मिन, तेच अनेक वर्षं घेतलं की ब-१२ कमी करू शकतं.

त्या रात्री मी दादाला विचारलं, तुला कसं कळलं? तो म्हणाला, "सगळे तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. माझ्याकडेही सगळे तसंच बघतात. म्हणून मी बोटाकडे बघितलं."

दुसऱ्या दिवशी तो चिखलकाल्याला गेला. बारा वर्षांत पहिल्यांदा. पोरं त्याला खेचत होती, तो चिखलात लोळला, धापा टाकत हसला. मी त्याच्या पावलांना जखम होईल म्हणून घाबरून काठावर उभी होते. मधुमेह्याचे पाय. मग म्हटलं, असू दे, घरी जाऊन धुऊ आणि बोटांच्या बेचक्या बघू.

त्यानंतरच मी धीर केला. पणजीला तोवर नव्या डॉक्टर आल्या होत्या, तरुण, शांत. मी पिशवीतून तीन वस्तू काढून टेबलावर ठेवल्या: फ्रिजवरची फाईल, साड्यांखालची फाईल आणि आईची वही. त्यांनी फायली बाजूला सारल्या आणि वहीच उघडली. आकड्यांवरून बोट फिरवत खाली आल्या. मग दादाला विचारलं, "तुम्हाला जेवल्यावर पोट भरल्यासारखं वाटतं?" अकरा वर्षांत हे त्याला कुणी विचारलं नव्हतं. घरी मीही नाही. तो बराच वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "मला वाटलं कुणालाच वाटत नाही."

त्यांनी औषध बदललं. बदललं म्हणजे एका दिवसात नव्हे. जुनी गोळी अर्ध्या अर्ध्याने तीन महिन्यांत उतरवत नेली, नवी चढवत नेली, आणि त्या तीन महिन्यांत आम्ही दर आठवड्याला बाणस्तारीचा पूल ओलांडून पणजी गाठली. मधले दहा दिवस त्याची झोप गेली होती, आणि आमचीही. मेटफॉर्मिन फोंड्याच्या डॉक्टरांनी आधीच दिलं होतं. दोन्ही डॉक्टरांनी फोनवर बोलून त्याची मात्रा ठरवली. दोन डॉक्टरांमधला दोन मिनिटांचा तो फोन मला अजून चमत्कार वाटतो. तो चमत्कार वाटावा इतका दुर्मिळ का असावा? ज्यांना गंभीर मानसिक आजार आहे ती माणसं इतरांपेक्षा दहा ते वीस वर्षं आधी जातात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपण समजतो की त्यामागे आत्महत्या असतील. त्या आहेतच, पण मोठा वाटा हृदयविकाराचा, मधुमेहाचा, फुप्फुसांच्या आजारांचा आहे. रक्त तपासून, टेप लावून, वेळेवर ओळखता येतात अशा आजारांचा.

आता मला नातेवाईक व्हिडिओ पाठवतात. भात-पाव बंद करा, तूप-खोबरेल खा, स्किझोफ्रेनिया पळून जाईल. यातही काही तथ्य आहे, म्हणून मी ते हसून सोडून देत नाही. पिष्टमय अन्न जवळजवळ तोडून शरीराला चरबीवर चालवायचा आहार १९२१ साली अमेरिकेत मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी अपस्मारासाठी सुचवला होता आणि मुलांच्या हट्टी झटक्यांसाठी तो आजही वापरतात. झटक्यांची काही औषधं मनाच्या आजारातही चालतात, मग हा आहार का चालू नये, असा प्रश्न विचारणारे गंभीर संशोधक आहेत. स्टॅनफर्डमध्ये, हार्वर्डशी जोडलेल्या मॅक्लिन रुग्णालयात यावर काम चाललं आहे, पहिले छोटे प्रयोग आशादायक आहेत. छोटे, हा शब्द मी मुद्दाम लिहिते. ते प्रयोगही औषधं चालू ठेवून, डॉक्टरांच्या नजरेखाली झाले आहेत.

आणि या वाटेवर एकदा मोठी ठेच लागलेली आहे. इन्सुलिनचा शोध लागला १९२१ साली. बारा वर्षांनी, १९३३ साली, व्हिएन्नात मानफ्रेड साकेल याने ते स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांना द्यायला सुरुवात केली, इतकं की साखर तळाला जाऊन ते बेशुद्ध पडावेत. रोज, आठवडेच्या आठवडे. जगभर तो उपचार पसरला, वीस वर्षं चालला, त्यात माणसं दगावली, आणि शेवटी लक्षात आलं की गुण इन्सुलिनचा नव्हताच. आई ५२वर काय थरथरली ते मी पाहिलं आहे. त्याच्याही खूप खाली कुणाच्या तरी भावाला रोज सकाळी मुद्दाम नेलं जात होतं, बरं करायच्या सदिच्छेने. म्हणून कुणी 'शरीराकडूनच मन बरं होतं' असं छातीठोक सांगू लागला की मी सावध होते. आमच्या घरात भात आहे, पूर्वीपेक्षा कमी, आणि बांगडा पूर्वीपेक्षा जास्त. गोळी रोज रात्री नऊ वाजता आहे.

संध्याकाळी दादा खांडोळ्याच्या रस्त्याने चालून येतो. हे सुरू कसं झालं त्याचं श्रेय गोव्यातल्याच एका कामाला द्यायला हवं. 'संगाथ' ही इथली संस्था, तिने डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांसह आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्याच्या रुग्णांसाठी एक पद्धत तपासली, तिचे निष्कर्ष २०१७ साली आले. मानसोपचारतज्ज्ञ नसलेली, प्रशिक्षण घेतलेली साधी माणसं सहा ते आठ भेटींत रुग्णाला एवढंच शिकवतात की मन लागायची वाट न बघता छोटं काहीतरी करायला घ्यावं, मन मागून येतं. नुसत्या नेहमीच्या उपचारापेक्षा त्याचा जास्त उपयोग झाला. दादाचा आजार तो नव्हे, हे मला कळतं. तरी मी त्यातलं एक उचललं. 'चालून ये' असं म्हणणं सोडलं आणि 'पोदेर आज कोपऱ्यापर्यंतच येतो, पोई घेऊन येशील?' असं म्हणू लागले. कोपरा मग थोडा थोडा लांब गेला.

गेल्या चवथीआधी आईने वही काढली. तिला आता टेपवरचे आकडे नीट दिसत नाहीत, म्हणून दादा स्वतः टेप धरतो आणि वाचून सांगतो. ३६. त्याच्या आदल्या वर्षी साडेछत्तीस होती. साखर आटोक्यात आहे, नाहीशी झालेली नाही. आवाज कधीतरी दुरून येतात, असं तोच सांगतो, डॉक्टरांनाही आणि आम्हालाही. फायली अजून दोनच आहेत, पण दोन्ही फ्रिजवर.

आईने आकडा लिहिला, कापड पसरलं, खडूने रेघ ओढली. शिवणीच्या आत जे जादा कापड राखून ठेवतात, पुढे कपडा सैल करता यावा म्हणून, त्याला शिवणकामात माया म्हणतात. दादा म्हणाला, "आई, आता छत्तीसवरच शीव. जादा नको सोडूस, मी वाढणार नाही." आई कात्री हातात धरून जरा थांबली.

"दोन इंच माया सोडते," ती म्हणाली. "आत असते, दिसत नाही."